पाळणाघर मागावं लागतं: खान्देशात नव्याने आलेल्या आई-बापांसाठी

मुलगी पावणेदोन वर्षांची असताना तिला कडेवर घेऊन मी एका सरकारी इमारतीचे तीन मजले चढले होते. खालच्या बाईंनी वर पाठवलं, वरच्या साहेबांनी "हे आमच्याकडे येत नाही" म्हणून दुसऱ्या ऑफिसचा पत्ता दिला, आणि तिथे पोचले तेव्हा जेवणाची सुट्टी. बाहेर बाकावर डबा खात बसलेल्या शिपाईदादांनी विचारलं, "ताई, तुमले अंगनवाडी पाहिजे का पायनाघर? दोन्हीसनं दार एक नही शे." सकाळपासून हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. खरं सांगायचं तर मलाही दोन्हींतला फरक माहीत नव्हता.

ती मुलगी आता दुसरीत आहे. मधल्या काळात दालमिलच्या ऑफिसातल्या, कॉलनीतल्या, गाडीत अपडाउन करताना भेटलेल्या बायकांना जे तोंडी सांगत आले, ते इथे लिहून ठेवते. बदलीने, लग्नाने किंवा कामासाठी जळगाव, धुळे, नंदुरबार, भुसावळ, अमळनेर, शिरपूर, शहादा अशा कुठल्याही गावात नवे आला असाल आणि घरात सहा वर्षांखालचं मूल असेल, तर हे तुमच्यासाठी आहे. बापांनीही वाचावं. अर्ज घेऊन बाप गेला की खुर्चीवरचा माणूस जरा लवकर मान वर करतो असं मी पाहिलंय. ते बरं की वाईट हा वेगळा विषय.

आधी शब्द नीट धरा

अंगणवाडी, बालवाडी, पाळणाघर हे तिन्ही शब्द आपल्याकडे एकाच अर्थाने वापरतात आणि तिथेच पहिली चूक होते.

अंगणवाडी ही एकात्मिक बाल विकास सेवा योजनेची. २ ऑक्टोबर १९७५ला ही योजना सुरू झाली. सहा महिने ते सहा वर्षांचं मूल, गरोदर बाई आणि अंगावर पाजणारी आई, सगळ्यांसाठी, फुकट. तीन वर्षांखालच्या मुलांना आहार घरी न्यायला मिळतो, तीन ते सहाच्या मुलांना केंद्रातच गरम आहार. शिवाय वजन-उंची, लसीकरण, गाणी-गोष्टी-खेळ. पण केंद्र चालतं ते काही तास. दुपारी कुलूप लागतं आणि सेविकाताई गृहभेटींना आणि मोबाईलवरच्या नोंदींना लागतात. म्हणजे नोकरी करणाऱ्या आईचा अर्धा दिवस फार तर भागतो. आणि दोन वर्षांचं मूल तिथे तीन तास सोडून जाता येईल असं धरून चालू नका. तीनच्या आतल्यांना सांभाळण्यासाठी ती सोय नाहीच.

बालवाडी म्हणजे तीन वर्षांपुढच्यांची शाळेआधीची शाळा. बहुतेक खाजगी, काही संस्थांच्या, कुठे कुठे नगरपालिकेच्या शाळेला जोडलेल्या. तुमच्या वॉर्डात नगरपालिकेची प्राथमिक शाळा असेल तर मुख्याध्यापकांना सरळ जाऊन विचारा, पाच मिनिटांचं काम आहे.

पाळणाघर म्हणजे कामाचा पूर्ण दिवस मूल सांभाळणं. सरकारची यासाठीची योजना 'पाळणा' नावाने १ एप्रिल २०२२पासून मिशन शक्ती या केंद्राच्या महिलांसाठीच्या योजनेखाली चालते. त्याआधी हीच योजना राजीव गांधींच्या नावाने आणि मग राष्ट्रीय पाळणाघर योजना म्हणून होती, त्यामुळे जुने कर्मचारी जुनंच नाव घेतात. गोंधळू नका. सहा महिने ते सहा वर्षांची मुलं, महिन्यात २६ दिवस, रोज साडेसात तास, एका पाळणाघरात जास्तीत जास्त २५ मुलं, असा तिचा आराखडा. आता भर आहे तो अंगणवाडीतच पाळणाघर जोडण्यावर. पूर्वी आई कामाला जाते हे दाखवावं लागायचं. नव्या नियमांत आई कामाला जात असो वा नसो, मूल घेता येतं.

आता अडचण. आपल्या तिन्ही जिल्ह्यांत अंगणवाडी गल्लोगल्ली सापडेल, पाळणाघर शोधावं लागेल आणि बऱ्याच ठिकाणी सापडणार नाही. म्हणून दोन कामं एकदमच सुरू करायची: अंगणवाडीत या आठवड्यात नाव घालायचं, आणि पाळणाघर मागायला याच आठवड्यापासून लागायचं. पहिलं काम दोन दिवसांचं, दुसरं दोन वर्षांचं. दुसऱ्याचा फायदा कदाचित तुमच्या धाकट्याला होईल.

कोणतं दार

खेड्यात सोपं आहे. अंगणवाडी जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागाची. सेविका, तिच्यावर पर्यवेक्षिका (सगळे 'सुपरवायझर मॅडम' म्हणतात), तिच्यावर तालुक्याला बालविकास प्रकल्प अधिकारी, म्हणजे बोलीत सीडीपीओ. पंचायत समितीत गेलात की कुणीही ऑफिस दाखवेल.

शहरात मात्र पाय घसरतो. जळगाव आणि धुळे इथे महापालिका आहे, भुसावळ-नंदुरबारला नगरपालिका, म्हणून आपण गृहीत धरतो की अंगणवाडीही त्यांचीच. तसं नाही. शहरी अंगणवाड्या नागरी प्रकल्पाच्या असतात आणि तो प्रकल्प राज्याच्या बाल विकास सेवा आयुक्तालयाखाली येतो. त्याचं ऑफिस महापालिकेच्या इमारतीत असेलच असं नाही. भाड्याच्या घरात, एखाद्या गल्लीतही असतं. महापालिकेतले साहेब "आमच्याकडे येत नाही" म्हणतात तेव्हा ते खोटं बोलत नसतात. फक्त पुढचं वाक्य सांगत नाहीत.

मग नगरपालिकेकडे आहे काय? जागा, पाणी, संडास, आणि पैसा. तिच्याकडे महिला व बालकल्याण समिती असते आणि अंदाजपत्रकात महिला-बालकल्याणासाठी ५ टक्के तरतूद करायची असते. जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायतीला आपल्या उत्पन्नातले १० टक्के याच कामासाठी ठेवायचे असतात. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

तेव्हा साधा नियम असा: मुलाचं नाव घालायचं असेल, आहाराची तक्रार असेल तर सेविका, मग सुपरवायझर, मग सीडीपीओ. नवीन पाळणाघर, जागा किंवा खर्च मागायचा असेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिका, आणि त्याच पत्राची एक प्रत सीडीपीओला. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झालेली गावं आपल्याकडे बरीच आहेत. तिथे अंगणवाडी नक्की कोणत्या प्रकल्पाखाली येते ते सेविकेलाच विचारा, तिच्या रजिस्टरवर लिहिलेलं असतं.

अंगणवाडीत नाव घालणं

घराच्या सगळ्यात जवळचं केंद्र शोधा. आजूबाजूला विचारण्याइतका चांगला मार्ग नाही. किराणा दुकानदाराला आणि आशाताईंना नक्की माहीत असतं. आशाताई भेटल्या की दोन कामं होतात, कारण लसीचा दिवसही त्यांच्याकडूनच कळतो.

जाताना मुलाचा जन्मदाखला, आईचं आधार, लसीचं कार्ड (माता-बाल संरक्षण कार्ड) आणि आईचा मोबाईल सोबत न्या. नोंद पोषण ट्रॅकर या ॲपवर होते, त्यामुळे ओटीपी येतो. नवऱ्याचा नंबर दिलात आणि तो रावेरला ड्युटीवर असला की बसा वाट बघत. मुलाचं आधार नसलं तर नाव अडत नाही, आईच्या आधारावर नोंद होते. "आधी मुलाचं आधार काढून आणा" असं कुणी म्हटलं तर शांतपणे हे सांगा. घरपोच आहार घेताना आता आईचा चेहराही मोबाईलवर पडताळतात; २०२५च्या जुलैपासून ते सक्तीचं झालंय. रेंज नसली की सेविका आणि आपण दोघी उन्हात फोन वर धरून उभ्या. तिच्यावर चिडू नका, ॲप तिने बनवलेलं नाही.

भाड्याने राहता, रेशनकार्ड गावचं आहे, मतदान दुसरीकडे आहे, यातलं काहीही आड येत नाही. मूल त्या भागात राहतं एवढं पुरे. सहा महिने ते सहा वर्षांच्या प्रत्येक मुलाला अंगणवाडीतून मोफत आहार हा २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्याने दिलेला हक्क आहे. मूळ कायद्यात प्रमाणही दिलेलं होतं: दिवसाला ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं, कुपोषित मुलाला ८०० कॅलरी; २०२३ला हे निकष सुधारले. नंदुरबारच्या अक्कलकुवा-धडगावसारख्या आदिवासी भागात याच्या जोडीला अमृत आहार योजना आहे, तिच्यात गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं ताजं जेवण आणि मुलांना अंडी किंवा केळी.

"आम्ही काय गरीब आहोत का, खिचडीसाठी नाव घालायला?" हे मी कॉलनीत फार ऐकलंय. नाव घालण्याचं कारण खिचडी नाही. तुमच्या भागात सहा वर्षांखालची किती मुलं आहेत हा आकडा याच रजिस्टरमधून वर जातो. तुमचं मूल त्यात नसेल तर सरकारच्या लेखी ते तिथे नाहीच. पुढे पाळणाघर मागायला गेलात की पहिला प्रश्न येतो, "मुलं आहेतच किती?"

केंद्र बघून घ्या

नाव घालायच्या दिवशी दारातूनच परतू नका, आत जाऊन पंधरा मिनिटं बसा. मी काय बघते ते सांगते.

छत. आपल्याकडे हा पहिला प्रश्न आहे. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो, आणि पत्र्याच्या खोलीत अकरा वाजता भट्टी पेटते. पंखा चालतो का, वीजबिल कुणी भरतं की मीटर कापलंय, पाण्याचा माठ कुठे आहे आणि त्याला ओगराळं आहे का, खिडकी समोरासमोर आहे का. उन्हाळ्यात केंद्राची वेळ सकाळची होते, ती विचारून घ्या. शाळेसारखी दीड-दोन महिन्यांची सुट्टी अंगणवाडीला नसते. सेविका आणि मदतनीस आळीपाळीने रजा घेतात, त्यामुळे मे महिन्यात एकच बाई सगळं सांभाळत असते. खिशात कांदा ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे. ठेवा बापडा. पण पाण्याची बाटली आणि डोक्याला सुती रुमाल आधी.

संडास. आहे का, त्याला पाणी आहे का, की सामान भरून कुलूप लावलंय. लहान मुलांच्या केंद्रात तो बंद असेल तर दुपारपर्यंत मूल कोंडून बसतं आणि घरी येऊन चड्डीत करतं, मग आपण त्यालाच रागावतो.

रस्ता. दारासमोर ट्रॅक्टर-ट्रॉल्या जातात का, फाटक लागतं का. केळीच्या पट्ट्यात, रावेर-यावलकडे, कापणीच्या दिवसांत गल्लीतूनही गाड्या भरधाव जातात.

आणि माणसं. मदतनीस मावशी मुलांशी कशी बोलते ते ऐका. भिंतीवरची चित्रं, अक्षरांचे तक्ते सगळीकडे सारखेच असतात, त्यावर जाऊ नका. राज्यात अंगणवाडीसाठी ठरलेला अभ्यासक्रम असतो; तो नीट चालू असेल तर मुलं मणी ओवताना, गोष्ट ऐकताना, डाळ-तांदूळ वेगळे करताना दिसतील. तीन वर्षांच्या पोरांना रांगेत बसवून ए-बी-सी-डी घोकायला लावलेली दिसली, तर बहुधा ती पालकांच्या हट्टापायी. तो हट्ट आपण धरू नये.

बाहेरगावाहून आलेल्यांसाठी एक खास गोष्ट. तुमचं मूल घरी पुस्तकी मराठी किंवा हिंदी बोलत असेल, आणि केंद्रातली पोरं अहिराणी. रावेर-यावलकडे लेवा गणबोली, सातपुड्यात भिली आणि पावरी. महिन्याभरात तुमचं मूल "माले पानी पाहिजे" म्हणायला लागेल. त्याला दुरुस्त करत बसू नका, त्याला दोन भाषा येताहेत. उलट बाजूने मात्र एक काम करा. पाणी, शी-शू, झोप, भूक, दुखतंय यांसाठी तुमचं मूल घरी कोणते शब्द वापरतं ते एका कागदावर लिहून ताईंना द्या. माझी मुलगी पाण्याला "मम" म्हणायची आणि मावशी तिला बिस्किट द्यायच्या. दोन दिवस पोर तहानलेली घरी आली तेव्हा मला कळलं.

उरलेले तास

अंगणवाडी सुटली, मूल एक वाजता मोकळं. तुमची सुट्टी साडेसहाला, त्यात गाडी लेट. हे मधले तास हाच खरा प्रश्न आहे आणि यावर छापील उत्तर नाही.

आधी कामाच्या ठिकाणी बघा. ५० किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करायला हवी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायला हवं, हे २०१७च्या मातृत्व लाभ कायद्यातल्या दुरुस्तीने आलं. सामाजिक सुरक्षा संहितेतही ते कायम आहे. ५० माणसं म्हणजे बाया-पुरुष सगळे धरून. मालक बऱ्याचदा फक्त बायका मोजतात. मजा म्हणजे त्याच संहितेत सरकारचं, नगरपालिकेचं किंवा चार कारखान्यांनी मिळून चालवलेलं सामाईक पाळणाघर वापरायलाही मुभा आहे. एमआयडीसीतल्या दालमिली, चटईचे कारखाने एकेकटे लहान असतात, पण एका रस्त्यावरचे आठ-दहा मालक एकत्र आले तर एक पाळणाघर सहज उभं राहतं. आमच्याकडे अजून झालेलं नाही. मी विषय काढते, चहा येतो, विषय बदलतो.

रोजगार हमीच्या कामावर जाणाऱ्यांसाठी २००५च्या कायद्याच्या अनुसूचीत एक तरतूद लिहिलेली होती: सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं कामावर सोबत येत असतील, तर त्याच बायांपैकी एकीला मुलं सांभाळायला नेमायचं आणि तिला मजुरी द्यायची. कामाची मागणी नोंदवतानाच ग्राम रोजगार सेवकाकडे मुलांची संख्या लिहून द्या, काम सुरू झाल्यावर कुणी ऐकत नाही.

कापूस वेचणी, मिरचीची देठं तोडणं, केळीची वाहतूक, या कामांना यातलं काही लागू होत नाही. मालक एक नसतो, काम आज इथे उद्या तिथे. पऱ्हाटीच्या ओळीत झाडाला लुगड्याची झोळी बांधून मूल टांगलेलं तुम्ही पाहिलंच असेल. मोठ्या पोरीला शाळेतून घरी बसवायचं ते याच दिवसांत, दसऱ्यापासून पुढे. हंगामी पाळणाघराची सगळ्यात जास्त गरज इथे आहे, आणि ती ग्रामपंचायतच पुरवू शकते.

शहरात बहुतेकींचं भागतं ते शेजारच्या काकूंवर. त्यात कमीपणा काही नाही, मीही तेच केलं. फक्त पैसे, वेळ, दुपारचं जेवण कुणाचं, आणि त्या आजारी पडल्या तर काय, हे पहिल्या दिवशी बोलून घ्या. नात्यासारखं वाटायला लागल्यावर बोलता येत नाही. आणि अंगणवाडीतून मूल आणायला काकू येणार असतील तर सेविकेला त्या दाखवून ठेवा. आणखी एक: दुसरी सोय कायम हाताशी असू द्या. २०२३च्या डिसेंबरात राज्यभर अंगणवाडी सेविकांचा संप झाला तो दीड महिन्याहून जास्त चालला. त्यांच्या मागण्या रास्त होत्या असं माझं मत, पण त्या दिवसांत आमच्या ऑफिसात तीन पोरं टेबलाखाली खेळत होती.

मागणी कशी करायची

आता दोन वर्षांचं काम.

पहिल्यांदा मुलं मोजा. आपल्या गल्लीतल्या, वस्तीतल्या सहा वर्षांखालच्या मुलांची यादी करा: नाव, वय, घर, आई कुठे कामाला जाते, किती वाजता परतते. दोघी-तिघींनी मिळून एका रविवारी होतं. वस्तीत अंगणवाडीच नसेल तर ही यादी म्हणजे तुमच्या हातातला हुकमाचा पत्ता. सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६च्या आदेशात म्हटलंय की ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथल्या लोकांनी मागणी केल्यापासून तीन महिन्यांच्या आत ती द्यायची. खेड्यालाही लागू, शहरातल्या झोपडपट्टीलाही. नव्या प्लॉटवर, वीटभट्टीच्या बाजूला, रेल्वेलाइनच्या कडेला वसलेल्या वस्त्यांना हे फार कामाचं आहे.

मग अर्ज. लांब लिहू नका. आम्ही लिहिलेला साधारण असा होता:

"मा. मुख्याधिकारी / सरपंच यांस, आमच्या वस्तीत सहा वर्षांखालील अमुक मुले असून त्यांपैकी इतक्या मुलांच्या आया रोज कामास जातात. अंगणवाडी दुपारी बंद झाल्यावर मुलांना सांभाळण्याची सोय नाही. तरी महिला व बालकल्याणाच्या राखीव तरतुदीतून पाळणाघरासाठी जागा व खर्च मंजूर करावा, तसेच 'पाळणा' योजनेखाली येथील अंगणवाडीस पाळणाघर जोडण्याचा प्रस्ताव प्रकल्प कार्यालयामार्फत पाठवावा. यादी सोबत जोडली आहे. आपल्या निर्णयाची लेखी प्रत मिळावी."

खाली सह्या आणि अंगठे. दोन प्रती न्यायच्या, एक आवक बारनिशीत (आलेल्या पत्रांची नोंद होते तिथे) द्यायची, दुसरीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्यायची. पोच नसलेला अर्ज म्हणजे दिलेलाच नाही. "ठेवा टेबलावर, साहेब आले की बघतील" याला हो म्हणू नका. मी एकदा म्हटलं होतं. तो कागद पुन्हा कुणाला सापडला नाही आणि आमचे चार महिने गेले.

वेळ साधणं महत्त्वाचं. पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक मार्चआधी ठरतं, तेव्हा मागणी दिवाळीच्या आसपास आत गेलेली बरी. गावात असाल तर २ ऑक्टोबरची ग्रामसभा गाठा, कारण गावाच्या विकास आराखड्याची बोलणी तिथून पुढे सुरू होतात. ग्रामसभेत नुसतं बोलून बसू नका. विषय ठराव म्हणून मांडायचा, कुणीतरी अनुमोदन द्यायचं, आणि सभा उठायच्या आत तो प्रोसिडिंगमध्ये लिहिला गेला का ते डोळ्यांनी बघायचं. जमलं तर फोटो काढायचा. बायका मागे ओट्यावर पदर घेऊन बसतात आणि पुढे पुरुष गटारीवर भांडतात, हे आपल्याकडचं नेहमीचं चित्र. चार जणी पुढे सतरंजीवर जाऊन बसल्या की सभेचा सूर बदलतो. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते. ती झाली का, असं ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (आधीचे ग्रामसेवक) आठवडाभर आधी विचारून ठेवा.

"फंड नाही" हे उत्तर येणारच. तेव्हा ते ५ आणि १० टक्के काढायचे. मागच्या वर्षी महिला-बालकल्याणाची तरतूद किती होती, खर्च किती झाला, कशावर झाला? तोंडी उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून आटोपशीर लिहा. हा पैसा सहसा शिलाई मशीन, पिठाची गिरणी, सायकली, प्रशिक्षण यांवर जातो. त्या गोष्टी वाईट नाहीत. पण मूल कुणाकडे ठेवायचं हे सुटल्याशिवाय ती शिलाई मशीन चालवायची कुणी आणि कधी, हे एकदा समितीत विचारून बघा. सभागृहात निवडून आलेले सदस्य नसतील, प्रशासक असतील, तर पत्र त्यांच्याच नावाने द्यायचं. तरतूद तेव्हाही तीच असते.

सगळंच एकदम मागू नका असा माझा सल्ला. आमच्याकडे पहिल्यांदा मागितलं ते समाजमंदिराची एक खोली दुपारी एक ते सहा, एक पंखा आणि पाण्याची टाकी. दोन बायांचं मानधन आम्ही पालकांनी वर्गणीतून दिलं. एक खोली चालू दिसली की पुढचं मागणं सोपं जातं, कारण मग अधिकाऱ्याला दाखवायला काहीतरी असतं.

ऊसतोडीला किंवा कामासाठी बाहेर जाणार असाल

दिवाळीनंतर चाळीसगाव, साक्री, नवापूर, तळोदा भागांतून कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला निघतात, बरीच गुजरातेत. निघायच्या आठ दिवस आधी सेविकेला सांगा. पोषण ट्रॅकरवर मुलाची नोंद दुसऱ्या केंद्राकडे, दुसऱ्या राज्यातसुद्धा, हलवता येते, आणि आपल्या राज्याची स्थलांतरितांची वेगळी नोंदही आहे. तिथे पोचल्यावर जवळच्या अंगणवाडीत जाऊन त्याच मोबाईल नंबरवर नाव शोधायला सांगायचं. नंबर बदलू नका. लसीचं कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपड्यांच्या गाठोड्यात नाही, तर जवळच्या थैलीत ठेवा. गाठोडं ट्रकच्या तळाशी जातं.

पहिला आठवडा

पहिल्या दिवशी मूल रडणार. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेली लेक परत जाताना रडते तसं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. तासभर सोबत बसा, दुसऱ्या दिवशी अर्धा तास, तिसऱ्या दिवशी दारातून परता. लपून पळू नका. "मी खिचडी झाली की येते" असं सांगून जा आणि खरंच तेव्हा या. लहान मुलाला घड्याळ कळत नाही, खिचडी कळते.

शर्टाच्या आत नाव आणि दोन फोन नंबर लिहिलेली चिंधी शिवा. पायात काढता येणारी चप्पल द्या, बुटाच्या नाड्या नकोत. वीस पोरांच्या नाड्या मावशी बांधत बसत नाहीत. सोन्याचे मणी, चांदीचे वाळे घरी ठेवा. आणि पहिल्या महिन्यात एकदा न सांगता, मधल्याच वेळेला जाऊन या. पोर खेळात रमलेलं असेल तर हाक मारू नका, तसंच मागे फिरा.